कुंपणाबाहेरचा बादशहा

मेसिदोर बादशहा झाला त्यात सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं असेल तर ते माझं. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. लोक म्हणतात, इस्मेली, तुझं नशीब थोर, बादशहाची बाई होतीस. बादशहाची बाई मी कधीच नव्हते. मी मेसिदोरची होते. बादशहाची बायको बंदरातल्या कॉफीच्या व्यापाऱ्याची मुलगी होती, आणि तिचं तिला लखलाभ.

मेसिदोरला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. आमच्या डोंगरात कुणाचंही रान एकट्यानं खणून होत नाही. ज्याचं काम असेल त्यानं शंख फुंकायचा, की खोऱ्यातली माणसं कुदळी घेऊन इरजिकीला जमतात. घरधन्यानं जेवण घालायचं, उसाची दारू पाजायची, एकानं ढोल वाजवायचा आणि एकानं गायचं. गाण्याच्या ठेक्यावर कुदळी पडतात. गाणारा चांगला असला तर दुपारपर्यंत अर्धा डोंगर उलथा होतो. वाईट असला तर माणसं दारू पिऊन आंब्याखाली लोळतात. आमच्याकडे ढोल प्लासिद वाजवायचा आणि गायचा मेसिदोर. त्या दिवशी मी ओढ्यावर धुणं धूत होते, इरजीक दोन टेकड्यांपलीकडे ज्वारीच्या रानात होती, आणि तरी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो माझ्या आईच्या डुकरावर गाणं रचून गात होता. डुक्कर त्याच्या रताळ्यांत शिरलं होतं. गाण्यात म्हणत होता, डुक्कर मालकिणीपेक्षा बरं, निदान माझ्या घरी तरी येतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओलं धुणं खांद्यावर तसंच टाकून मी टेकड्या चढून गेले.

"काय रे ए, माझ्या आईच्या डुकराचं नाव चारचौघांत कशाला घेतोस?"

"डुकराचंच घेतलं," तो म्हणाला. "तुझं घ्यायचं होतं, पण धीर झाला नाही."

सगळी इरजीक हसली. प्लासिदनं ढोलावर एक थाप मारली. मी परत फिरले ती धुणं चिखलात पाडून, आणि परत सगळं धुवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या कुंपणाशी आला. आमच्याकडे कुणाच्या अंगणात तसंच शिरत नाहीत. बाहेर उभं राहून "ओने!" म्हणायचं, म्हणजे या घराला मान. आतून घरच्यानं "रेस्पे!" म्हणायचं, म्हणजे येणाऱ्याला आदर. ते उत्तर येईपर्यंत पाद्री असो की सरकारी अंमलदार, पाऊल आत पडत नाही. आणि उत्तर द्यायचं ते घरच्यानंच. आत पाहुणे बसलेले असले तरी त्यांनी तोंड उघडायचं नाही. पाहुण्यानं उत्तर देणं म्हणजे हे घर माझं आहे असं जगाला सांगणं. मेसिदोरनं "ओने!" म्हटलं तेव्हा आमच्या कोंबड्या उडून नीरफणसावर बसल्या. त्याला हळू बोलताच यायचं नाही. त्याचं गुपित मला कळायच्या आधी शेजारच्या खोऱ्याला कळायचं.

त्यानं माझ्यासाठी घर बांधलं, ताडाच्या पानांचं छप्पर, भोवती निवडुंगाचं कुंपण. राहायला गेलो त्या पहिल्या संध्याकाळी बाहेरून प्लासिदनं मुद्दाम हाक दिली, "ओने!" मी चुलीपाशी होते. मी मेसिदोरकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मग तो दारापर्यंतही न जाता बसल्या जागेवरून म्हणाला, "रेस्पे!" खोऱ्याला ऐकू गेलं. पाद्री नव्हता, कागद नव्हता, तेच आमचं लग्न. प्लासिद आत आला, मी कॉफी दिली. उत्तर दिलं की कॉफी द्यावीच लागते. आजपर्यंत कुठल्याही बाईला माझ्याइतकं सुख झालं नसेल असं मला त्या संध्याकाळी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

मग राजधानीचे शिपाई आले. डोंगरातली कॉफी सरकारच्या भावानं न्यायची आणि तरणे पुरुष सरकारच्या पलटणीत न्यायचे असा हुकूम होता. लोकांनी शंख फुंकले. नेहमी शंख फुंकला की इरजीक. या वेळी कुदळींऐवजी कोयते आले. कुणीतरी पुढे होऊन ओरडायला हवं होतं, आणि ओरडायला आमच्याकडे मेसिदोरसारखा दुसरा नव्हता. तो या टेकडीवरून ओरडायचा आणि त्या टेकडीवरची माणसं उजवीकडे वळायची. शिपायांना वाटायचं डोंगरच बोलतोय. पहिल्या पावसाळ्यात त्याला कप्तान म्हणाले, दुसऱ्यात जनरल. घाटाखालची लढाई जिंकून तो घरी आला तेव्हा कुंपणाबाहेर उभा राहून त्यानं "ओने!" म्हटलं. स्वतःच्या घराला!

"अरे, घर तुझंच आहे की," मी म्हटलं.

"तुझ्या तोंडून ऐकायचंय," तो म्हणाला. "तिकडे चिखलात झोपायचो तेव्हा तेच ऐकू यायचं."

तेव्हा मी "रेस्पे" म्हटलं. तो आत आला आणि तीन दिवस नुसता झोपला. तो जनरल मला चालला असता. जन्मभर चालला असता.

पण सत्ता ही उसाच्या दारूसारखी आहे. पहिला घोट माणूस घेतो, पुढचे घोट माणसाला घेतात. बंदर हाती आलं, तशी बंदरातली शहाणी माणसं त्याच्याभोवती जमली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्यांनी त्याला सांगितलं, राजधानीत राष्ट्राध्यक्ष आहे, तर इथं त्याहून मोठं काहीतरी पाहिजे. मग बंदरातल्या डबे सांधणाऱ्या कारागिरानं पत्र्याचा मुकुट केला, त्यावर सोन्याचा मुलामा दिला, आणि ज्वारीच्या रानात डुकरावर गाणी म्हणणारा माझा माणूस बादशहा मेसिदोर पहिला झाला. पहिला! जसे काही मागे दहा रांगेत उभे होते.

बादशहाला बायको लागते, तीही चर्चमध्ये लग्न लावलेली, आणि गादीला वारस लागतो. मला मूल झालं नव्हतं. दुसरं लग्न करतोय हे सांगायला तो स्वतः आला नाही. प्लासिदला पाठवलं, निळ्या रेशमाचा तागा देऊन. प्लासिद कुंपणाबाहेर उभा राहिला, हाक दिली, आत आला, कॉफी घेतली आणि बराच वेळ कपाकडे बघत बसला.

"बोल की," मी म्हटलं. "ढोल फुटला का?"

"इस्मेलीवहिनी, तो म्हणतो, मनात तूच आहेस."

"मनात? मग मनातल्या मनात कॉफी पाजते त्याला. हे रेशीम परत ने. म्हणावं, डुकराला बसायला घाल."

प्लासिदनं तागा परत नेला. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. रडले, हे सांगायला मला लाज नाही.

तो एकदाच आला, राज्याभिषेकानंतर. आधी धूळ दिसली, मग पिसांच्या टोप्या. कुणी हाक दिली नाही. घोडे सरळ कुंपणातून आत आले, निवडुंग तुडवला गेला, माझी तुरीची झाडं मोडली. एका नोकरानं अंगणात खुर्ची मांडली. तिच्यावर मेसिदोर बसला, एवढ्या उन्हात लाल मखमलीचा डगला घालून. आणि तो हळू बोलला! बंदरातल्या कुणीतरी त्याला शिकवलं होतं, की बादशहा आवाज चढवत नाही, ओरडायला माणसं असतात. तो पुटपुटायचा आणि शेजारचा भालदार मोठ्यानं सांगायचा.

"बादशहा विचारतात, तुझी प्रकृती कशी आहे?"

मी भालदाराकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेसिदोर," मी म्हटलं, "हाक का दिली नाहीस?"

तो पुटपुटला. भालदार म्हणाला, "बादशहा कुणाच्याही दारात उभे राहत नाहीत. सगळी घरं त्यांचीच आहेत."

"असं होय? मग सांगा तुमच्या बादशहाला, की मेसिदोर अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा कुंपणाबाहेर उभा राहील आणि स्वतःच्या तोंडानं हाक देईल. मी उत्तर देईन. तोवर माझ्या अंगणात जे बसलंय ते कुणाचं तरी चुकलेलं जनावर आहे, असं मी समजते."

टोपीवाल्यांपैकी एकानं तलवारीला हात घातला. मेसिदोरनं बोट वर केलं आणि तो थांबला. मग मेसिदोर माझ्याकडे असा बघत राहिला, की क्षणभर मला वाटलं, आता उठेल, तो डगला फेकेल, बाहेर जाईल आणि कोंबड्या उडतील अशी हाक देईल. त्याचे ओठ हलले होते. मी पाहिलं होतं. पण तो घोड्यावर बसला आणि गेला. कुंपण दुरुस्त करायला त्यानं माणसं पाठवली, ती मी परत पाठवली. कुंपण मीच घातलं, हाताला काटे बोचवून घेत. मागच्या बाजूला ओढ्याकडे एक फट राहिली, ती राहू दिली.

पुढची वर्षं कशी काढली हे काय सांगू. दिवसा काम असतं. कॉफी खुडायची, वाळवायची, तूर झोडायची, बाजाराला जायचं. पण बाहेरून कुणी "ओने" म्हटलं की प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून दाराकडे वळायचे. आवाज त्याचा नाही हे पहिल्याच अक्षराला कळायचं, तरी वळायचे. शेजारीण यायची, मीठ विकणारा यायचा, पाद्री यायचा, आणि मी सगळ्यांना "रेस्पे" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, तू नको, तू नको. मला त्याचा मुकुट नको होता, खुर्ची नको होती. मला एकदा, फक्त एकदा, चुलीपाशी बसून, कुणीतरी बाहेरून हाक दिल्यावर त्याचं आतून आलेलं उत्तर ऐकायचं होतं. लोक हसतील म्हणून हे मी कुणाला सांगितलं नाही. व्हिल्मीनला सांगितलं, ती हसली.

व्हिल्मीन माझी मैत्रीण. डोक्यावर टोपली घेऊन डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये फिरणारी बाजारकरीण, आणि कोंबडीच्या आधी बातमी विकणारी. तिच्याकडून मला सगळं कळायचं. बादशहानं डोंगरमाथ्यावर किल्ला बांधायला घेतला. सरदार वाढले; रताळ्याच्या एकेका वाफ्याला एकेक उमराव झाला. मग किल्ल्याचे दगड चढवायला माणसं कमी पडली, तशी घराघरातून धरून न्यायला लागले. ज्या धरपकडीपायी राजधानीच्या शिपायांशी भांडलो होतो, तीच धरपकड. इरजिकीवर बंदी आली, कारण शंखाला सरकार घाबरायला लागलं होतं. आणि त्याचं गाणं? "कुणी गात नाही बाई," व्हिल्मीन म्हणायची, "तोसुद्धा नाही. त्याच्या वाड्यात म्हणे सगळे मोजे घालून चालतात."

प्लासिदचा भाऊ दगडाखाली चिरडून मेला. प्लासिदनं ढोल माझ्याकडे आणून ठेवला. "वहिनी, सांभाळ," एवढंच म्हणाला आणि घाट उतरून राजधानीच्या फौजेला मिळाला. मी त्याला अडवलं नाही. काय तोंडानं अडवणार?

बुडत्याचा पाय खोलात. वारस झाला नाहीच. व्यापाऱ्यानं आपली मुलगी आणि आपले पैसे जहाजात घालून हलवले. राजधानीची फौज बंदराला लागली, तसे उमराव एकेक करून पिसांच्या टोप्या ओढ्यात टाकून पळाले. पोरं त्या टोप्या घालून आठवडाभर नाचत होती. किल्ला एक गोळी न झाडता पडला. आणि एका सकाळी व्हिल्मीन आली ती टोपली न उतरवताच बोलायला लागली.

"तो रानात आहे. एकटा. माझ्या चुलतभावानं त्याला भाजलेलं कोनफळ दिलं. गुडघा सुजलाय. खाडीत कोळ्याची होडी आहे, आज अंधार पडल्यावर जमैकाकडे निघणार आहे. कोळी न्यायला तयार आहे. पण खाडीकडची वाट तुझ्या घरामागूनच जाते, इस्मेली. दिवसभर कुठे तरी लपायला हवं त्याला."

मी एक क्षणही विचार केला नाही. इतकी वर्षं जी अट छातीशी धरून बसले होते, ती खड्ड्यात गेली. "त्याला सांग," मी म्हटलं, "मागच्या कुंपणाला फट आहे. ओढ्यातून यायचं, फटीतून सरळ आत. हाक द्यायची नाही. कळलं? तोंडातून एक शब्द काढायचा नाही. खालच्या वाटेवर शिपाई आहेत. त्याला सांग, इस्मेली म्हणते, हाक नको, तू जिवंत ये."

व्हिल्मीन म्हणाली, "तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणतेय. पळ आता."

मी कॉफी भाजायला घेतली. लक्ष मागच्या दाराकडे होतं म्हणून थोडी करपली. कसाव्याची भाकरी केली. मागच्या दाराशी बसले, फटीकडे डोळे लावून. ऊन डोक्यावर आलं. ओढ्यात एक बगळा उभा होता, तो उडाला की मी उठायचे.

आणि समोरून, पुढच्या बाजूनं, हाक आली.

"ओने!"

कोंबड्या उडाल्या. टेकडीवर आपटून हाक परत आली, ओढ्यातला बगळाही उडाला. दोन टेकड्यांपलीकडे धुणं धुणाऱ्या बाईलाही ऐकू गेली असेल. खालच्या वाटेवर तर नक्कीच.

मी पुढच्या दारात धावले. तो कुंपणाबाहेर उभा होता. अनवाणी, शेतकऱ्याचा फाटका सदरा, दाढी पांढरी, एका पायावर भार टाकून. मेसिदोर होता तो. पुढे झेप घेऊन त्याला आत ओढावं असं वाटलं, पण तो हलत नव्हता. उत्तराची वाट बघत होता.

"रेस्पे," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं, "रेस्पे!"

तेव्हा तो आत आला. मी त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "निरोप मिळाला नाही का तुला? मुडद्या, निरोप मिळाला नाही?"

"मिळाला."

"मग?"

"एकदा शिरलो होतो न विचारता," तो म्हणाला. "परत तसंच शिरू?"

"हळू म्हणायचं होतंस मग!"

"हळू म्हणून पाहिलं. तुझं घर दिसलं आणि मोठ्यानंच आलं." तो हसला. समोरचे दात पडले होते. "कॉफी करपलीय का गं?"

मी त्याला चुलीपाशी बसवलं, पूर्वी बसायचा तिथेच. कॉफी दिली, भाकरी मोडून दिली. तो गरम कॉफीत भाकरी बुडवून खात होता आणि छपराकडे, भिंतीकडे, कोपऱ्यातल्या प्लासिदच्या ढोलाकडे बघत होता. मी त्याचा गुडघा गरम ओल्या फडक्यानं शेकत होते. एवढंच. मी आयुष्यात जे मागितलं होतं ते बहुतेक सगळं त्या वेळी माझ्या घरात होतं.

मग बाहेर पावलं वाजली, बुटांची, पुष्कळ. कुंपणापाशी येऊन थांबली.

"ओने!"

प्लासिदचा आवाज. मेसिदोरनं भाकरी खाली ठेवली. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः गप्प बसले.

बाहेर कुणीतरी शहरी बोलीत म्हणालं, "काय चाललंय सार्जंट? कुंपण तोडा आणि आत घुसा."

"लेफ्टनंटसाहेब, घरातून उत्तर आलेलं नाही," प्लासिद म्हणाला.

"कसलं उत्तर? आत गुन्हेगार आहे!"

"असेल. तुम्ही तुमच्या आईच्या गावी लोकांच्या घरात असेच शिरता का?"

लेफ्टनंटचीही कुठल्या तरी डोंगरात आई असणारच. शिपाई पायाची चुळबूळ करत उभे राहिले. बंदुका घेतलेली एवढी माणसं, आणि चार निवडुंगांबाहेर थांबली होती.

"फटीतून जा," मी कानात म्हटलं. "मी उत्तर देत नाही. संध्याकाळपर्यंत देत नाही. उभे राहू देत."

"ओने!" प्लासिदनं दुसऱ्यांदा हाक दिली, सावकाश. मागची वाट त्याला ठाऊक होती. तिकडे त्यानं कुणाला उभं केलं नव्हतं. हे मला कळलं, मेसिदोरलाही कळलं.

"ऊठ ना," मी म्हटलं. "ऊठ रे."

"जाऊन कुठे जाऊ, इस्मेली?" आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी हळू बोलत होता. "तिकडे कुणाच्या कुंपणाबाहेर उभा राहू? आणि मी गेलो की तो शहरी पोरगा हे घर पेटवेल. प्लासिदला भिंतीशी उभं करेल. त्याचा एक भाऊ मी खाल्लाय."

"मला घर नको. तू हवायस."

"मी आलोय ना आता."

"ओने!" तिसरी हाक. तीन हाकांनंतर उत्तर आलं नाही की आमच्याकडे माणूस परत जातो. शिपाई परत जात नसतात. लेफ्टनंटनं तलवार उपसल्याचा आवाज मी ऐकला. मी ओठ इतके घट्ट मिटले की रक्त आलं. माझ्या तोंडून ते उत्तर निघणं शक्य नव्हतं. त्याला मरणाला देण्याचं उत्तर मी कसं देणार होते?

मेसिदोरनं माझा हात तोंडावरून काढला, आपल्या हातात धरला, आणि बसल्या जागेवरून, चुलीपाशी, खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"रेस्पे!"

माझ्या घरातून, माझ्या घरधन्याच्या तोंडून.

ते आत आले. शिपायांनी टोप्या काढल्या. लेफ्टनंटनं सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यानंही काढली. उत्तर दिलं की कॉफी द्यावी लागते. मी चूल फुंकली. डोळ्यांतलं पाणी धुरामुळे आहे असं कुणाला वाटायचं असेल तर वाटो. मेसिदोर लंगडत उठला आणि त्यानं एकेकाच्या हातात कप दिला, घरचा माणूस देतो तसा. प्लासिदला शेवटी दिला.

"तुझ्या भावाचं—" तो म्हणाला.

"कॉफी पिऊ दे," प्लासिद म्हणाला. कप रिकामा करून म्हणाला, "मघाची हाक मी एकट्यानं ऐकली असती तर बहिरा झालो असतो. पण पलटणीनं ऐकली. तुला एकदाही हळू बोलता आलं नाही का रे?"

"एकदा बादशहा असताना आलं होतं," मेसिदोर म्हणाला.

त्याला घेऊन ते टेकडी उतरले. पहिल्या वळणावर त्यानं गाणं धरलं, माझ्या आईच्या डुकराचं. दुसऱ्या टेकडीपलीकडे गेले तरी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. बुटांचा आवाजही ठेक्यावर पडत होता. सवय असते माणसांना. पुढे वारा फिरला. बंदराच्या चौकात त्याला गोळ्या घालायला उभं केलं ते मी पाहायला गेले नाही.

आता म्हातारी झाले. अजूनही बाहेरून कुणी हाक देतं, "ओने!" मी लगेच उत्तर देत नाही. थोडी थांबते, चुलीशेजारच्या त्या जागेकडे बघत. येणाऱ्याला वाटतं म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून तो आणखी मोठ्यानं हाक देतो. तरी मी जराशी थांबते. मग उत्तर देते, आणि कॉफी ठेवते.